राउमप्लान कागदावर कसा उतरवायचा: व्हिला म्युलरचा अभ्यास, पायरीपायरीनं

वास्तुकलेच्या कॉलेजात केस स्टडीच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, दरवर्षी कोणीतरी वास्तुरचनाकार आडोल्फ लोसचं प्रागमधलं घर, व्हिला म्युलर, घेऊन येतं. शीट देखणी असते, मॉडेल स्वच्छ कापलेलं असतं, आणि तरी दोन मिनिटांत कळतं की घर चुकलंय. तळमजला, पहिला, दुसरा असे सपाट थर एकावर एक ठेवलेले असतात आणि मधे जिना कसाबसा बसवलेला असतो. दिवाणखान्यातून जेवणघराकडे जाणाऱ्या पायऱ्या एक तर हवेत संपतात, नाहीतर भिंतीत घुसतात.

मुलांची मेहनत कमी पडत नाही, क्रम चुकतो. शाळेपासून आपल्याला आधी प्लॅन (घराचा आडवा काप), मग सेक्शन (उभा काप), मग एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) असं काढायची सवय लागलेली असते. त्या क्रमानं हे घर हाती लागत नाही. इथे आधी उंची आणि पायरी, मग वाट, मग सेक्शन आणि प्लॅन बऱ्याच शेवटी. याच क्रमानं काम करून घेतलं की जी मुलं तीन आठवडे अडकून पडतात ती दहा-बारा दिवसांत मोकळी होतात, म्हणून तो सविस्तर लिहितोय.

सुरू करण्याआधी: नेमकं काय काढायचंय?

राउमप्लान म्हणजे प्रत्येक खोलीला तिच्या कामाप्रमाणे वेगळी उंची द्यायची आणि या कमीजास्त उंचीच्या खोल्या एका साध्या खोक्यात एकमेकींत गुंतवायच्या. माणसं जमतात ती खोली उंच, एकट्यानं वाचायची खोली बुटकी. छताची उंची बदलली की जमिनीची पातळी बदलते, आणि पातळी बदलली की मधे पायऱ्या येतात. सगळं घर या साखळीवर उभं आहे.

व्हिला म्युलर प्रागच्या स्त्रेशोव्हित्से भागात उतारावर आहे. बांधकाम कंपनीचा भागीदार फ्रांटिशेक म्युलर आणि त्याची पत्नी मिलाडा यांच्यासाठी लोसनं कारेल ल्होताबरोबर ते १९२८ ते १९३० या काळात केलं. अभ्यासाला ते सोयीचं आहे, कारण २००० पासून ते संग्रहालय म्हणून खुलं आहे आणि त्याची ड्रॉइंग्ज आणि फोटो भरपूर छापले गेलेत.

तीन गोंधळ इथेच मिटवून टाका.

स्प्लिट लेव्हल म्हणजे राउमप्लान नव्हे. स्प्लिट लेव्हलमध्ये अर्धा मजला वर सरकतो, पण दोन्ही बाजूंच्या खोल्यांची उंची बहुधा तीच राहते. राउमप्लानमध्ये उंचीच वेगळी असते. वास्तुरचनाकार ल कोर्बुझिएचा मुक्त प्लॅन तर याच्या उलट टोकाला आहे. त्याच वर्षांतल्या त्याच्या व्हिला सवॉय या घरात स्लॅब सपाट राहतात आणि भिंती त्यांच्यावर मोकळेपणानं फिरतात. लोसच्या घरात हलतो तो स्लॅबच.

तिसरा गोंधळ आपल्याकडचा आहे. कोकणातल्या घरात अंगणातून पडवी, पडवीवरून ओटी, ओटीवरून माजघर अशी पायरीनं पातळी चढत जाते आणि कोणी कुठवर यायचं हे पायरीच सांगते. पायरीचा अर्थ समजून घ्यायला हे उदाहरण उत्तम आहे, आणि ते मी स्वतः देतो. पण म्हणून निबंधात 'आपल्या घरांतही राउमप्लान होता' असं लिहू नका. तिथे वरचं उतरतं छप्पर सगळ्यांवर एकच असतं, प्रत्येक खोलीला स्वतःची उंची ठरवून दिलेली नसते.

१. सामान आणि स्केल

किमान दोन सेक्शन हवेत, एकमेकांना आडवे. फक्त प्लॅन मिळाले असतील तर काम सुरूच करू नका, आधी सेक्शन शोधा. सोबत आतले फोटो घ्या, विशेषतः पायऱ्या मोजता येतील असे. ट्रेसिंगचा एक रोल, तीन-चार रंगांच्या पेन्सिली, माउंटबोर्ड, खोल्यांचे ठोकळे कापायला थर्मोकोल, धारदार कटर आणि स्टीलची पट्टी एवढं पुरतं. (माउंटबोर्ड म्हणजे मॉडेलचा जाड पुठ्ठा.)

स्केल १:५० ठेवा, म्हणजे प्रत्यक्षातले ५० सेंटिमीटर मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर. १:१०० ला १७.५ सेंटिमीटरची पायरी पावणेदोन मिलिमीटरची होते, ती हातानं नीट कापता येत नाही, आणि या घरात पायरी चुकली तर सगळंच चुकतं. १:५० ला तीच पायरी साडेतीन मिलिमीटरची होते.

सावधान: घरात ३ मिलिमीटरचा बोर्ड पडलाय म्हणून त्याच्याच पट्ट्या एकावर एक चिकटवून जिना करू नका. प्रत्येक पायरीला अर्धा मिलिमीटर कमी पडतो. आठ पायऱ्यांत चार मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात वीस सेंटिमीटर. माझ्या स्वतःच्या पहिल्या मॉडेलमध्ये हेच झालं होतं. जेवणघराची जमीन वीस सेंटिमीटर वर तरंगत राहिली आणि मी दोन दिवस चूक भिंतींत शोधत होतो. जिन्याच्या बाजूची तिरपी पट्टी आधी नीट आखून, कापून घ्या आणि पायऱ्या तिच्यावर बसवा.

आत्मविश्वास नसेल तर आधी लोसचंच व्हिएन्नामधलं १९२२ चं रूफर घर करा. बाहेरून जवळजवळ घन, मधे एक खांब, आणि जेवणघर संगीताच्या खोलीपेक्षा थोडं वर. त्यात पातळ्या कमी आहेत, हात बसतो.

२. लेव्हलचा तक्ता

ट्रेसिंगला हात लावण्याआधी एक तक्ता करा. रकाने चार: खोलीचं नाव, जमिनीची लेव्हल, छताची लेव्हल, दोन्हींतला फरक. शून्य लेव्हल दिवाणखान्याच्या जमिनीला द्या. रस्ता किंवा प्रवेशाची पायरी शून्य धरली तर सगळे आकडे अवघड होतात, कारण या घराचा गाभा दिवाणखाना आहे आणि बाकीच्या खोल्या त्याच्या संदर्भात वर-खाली होतात.

तक्त्यात 'पहिला मजला' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. खोलीचं नाव लिहा: दिवाणखाना, जेवणघर, मिलाडाची बैठकीची खोली, अभ्यासिका. मिलाडाच्या खोलीसाठी दोन ओळी ठेवा, कारण त्या एवढ्याशा खोलीतही दोन पातळ्या आहेत. मुलं ती एकच धरतात आणि मग आतल्या पायऱ्या कुठून आल्या ते कळत नाही.

फरक आधी पायऱ्यांत मोजा, मीटर नंतर काढा. फोटोत पायऱ्या मोजता येतात, मीटर मोजता येत नाहीत. नमुन्यादाखल एक हिशेब मांडतो. यातले आकडे घराचे नाहीत, पद्धत कळावी म्हणून घेतलेत. दिवाणखान्याचं छत ४.२ मीटरवर. तिथून जेवणघराला आठ पायऱ्या, प्रत्येक १७.५ सेंटिमीटरची, म्हणजे जेवणघराची जमीन १.४ मीटरवर. दोन्हींवर वरचा स्लॅब एकाच लेव्हलला असेल तर जेवणघराची उंची उरते २.८ मीटर. आणि जेवणघराच्या जमिनीखाली, दिवाणखान्याच्या पातळीपासून, १.४ मीटरची जागा मोकळी राहते. ती कोणाला मिळाली? खालच्या खोलीला, जिन्याला की सामान ठेवायला? या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सपाट थरांच्या मॉडेलमध्ये हा प्रश्नच पडत नाही, म्हणून तिथे घर मरतं.

तपासणी: ज्या खोलीत दोन वाटांनी जाता येतं ती शोधा. एका वाटेनं चढा, दुसऱ्या वाटेनं उतरा आणि बेरीज करा. ती शून्य आली पाहिजे. एक पायरीही उरली तर तक्ता चुकलाय. पुढच्या टप्प्यात ती आपोआप जुळेल या आशेवर राहू नका.

३. वाट उलगडून काढा

आता पाहुणा होऊन दारातून आत या आणि चालत राहा. लांब ट्रेसिंगवर जमिनीची रेघ काढा आणि तिच्यावर छताची रेघ, जणू वळणावळणाची वाट कोणी सरळ ओढून ठेवलीय. याला आम्ही उलगडलेला सेक्शन म्हणतो.

म्युलरांच्या घरात ही रेघ बोलकी आहे. बाहेर खोलगट प्रवेश आणि ट्रॅव्हर्टाइन दगडाचा बाक. आत बुटकी, टाइल लावलेली छोटी जागा, मग कोट-टोप्या काढून ठेवायची खोली. तिथून थोड्या पायऱ्या, वळण, आणि एकदम उंच दिवाणखाना. छताची रेघ इतका वेळ दबलेली असते आणि तिथे झपकन वर जाते. ही उडी तुमच्या रेघेत दिसली नाही तर कुठेतरी छत चुकलंय.

प्रत्येक वळणावर बाण काढा. उजेड कुठून येतो ते पिवळ्यानं भरा. पायरीगणिक छोटी आडवी खूण करा, जिन्यासाठी तिरपी रेघ मारून मोकळं होऊ नका. नंतर मोजायला त्याच खुणा लागतात.

असे निदान तीन पट्टे काढा: पाहुण्याचा, घरच्या माणसाचा झोपायच्या खोल्यांपर्यंतचा, आणि स्वयंपाकघरातून जेवणघराकडे येणाऱ्याचा. तिसरा पट्टा बहुतेकजण सोडून देतात. राबत्या माणसाची वाट काढली की कळतं, काही भिंती तिथे का आहेत.

४. ठोकळे

प्रत्येक खोलीचा आतला पोकळ भाग भरीव समजून थर्मोकोलचा ठोकळा कापा, स्वतःच्या पूर्ण उंचीसकट. वरच्या नमुन्यातला दिवाणखाना ८४ मिलिमीटर उंच, जेवणघर ५६. फरक २८, म्हणजे साडेतीनच्या बरोब्बर आठ पायऱ्या. कापल्यावर दोन्ही ठोकळे छताकडून एका पट्टीला लावून उभे धरा. खाली जी खाच राहते ती बोटानं चाचपून पाहा. लेव्हल म्हणजे काय हे कित्येक मुलांना त्या क्षणी पहिल्यांदा कळतं, तक्ता दहा वेळा वाचूनही कळलेलं नसतं.

उंचीप्रमाणे रंग द्या, वापराप्रमाणे नको. उंच ठोकळे गडद, बुटके फिके.

मग खोक्याच्या बाहेरच्या मापाची माउंटबोर्डची उघडी पेटी करा आणि ठोकळे आत रचा. खोल्यांच्या मधे स्लॅबची जाडी सोडायला विसरू नका. २० सेंटिमीटर धरले तर चार मिलिमीटर. जाडी विसरलात तर सगळे ठोकळे सहज बसतात आणि तुम्हाला खोटा आनंद होतो.

रचून झाल्यावर उरलेल्या फटींकडे नीट पाहा. त्या फटींतच जिने, कपाटं, पाइप, जाड भिंती आहेत. प्रत्येक फटीला नाव द्या. ज्या फटीला नाव देता येत नाही तिथे एक तर ठोकळा चुकलाय, नाहीतर सेक्शन नीट वाचला गेलेला नाही.

लोसकडे खुर्च्या करणारा योसेफ फायलिख वारला तेव्हा, १९२९ मध्ये, लोसनं त्याच्यावर लेख लिहिला. त्यात एके ठिकाणी तो म्हणतो की माणूस कधीतरी घनात बुद्धिबळ खेळेल, तसेच पुढचे वास्तुरचनाकार प्लॅन अवकाशात सोडवतील. पेटीत ठोकळे रचताना हे वाक्य फार जवळचं वाटतं. एक ठोकळा उचलला की तीन हलतात.

५. सेक्शन, आणि मग प्लॅन

सेक्शनची रेघ दिवाणखाना आणि जेवणघर दोन्हींतून जाईल अशी घ्या. दुसरी रेघ तिला आडवी, जिन्यातून. कापलेल्या प्रत्येक जमिनीवर आणि छतावर तक्त्यातला आकडा लिहा.

प्लॅन काढताना मोठी चूक कापायच्या उंचीची होते. नेहमीच्या सवयीनं १.२ मीटरवर आडवा काप घेतलात, तर वरच्या नमुन्यात तो काप जेवणघराच्या जमिनीच्याही खालून जातो. तुमच्या प्लॅनमध्ये जेवणघर येणारच नाही, त्याच्या खालची पोकळी येईल. म्हणून इथे काप पायरीसारखा घ्यावा लागतो: प्रत्येक खोली तिच्या स्वतःच्या जमिनीपासून १.२ मीटरवर कापायची. तो काप कुठे वर-खाली होतो ते शीटच्या कोपऱ्यात छोट्या सेक्शनवर तुटक रेघेनं दाखवा. ज्युरीत पहिला प्रश्न यावरच येतो.

तपासणी: प्लॅनवरच्या प्रत्येक जिन्याला चढायचा बाण आणि पायऱ्यांची संख्या आहे ना? ती तक्त्याशी जुळते ना?

६. नजरेच्या रेषा

म्युलरांच्या जेवणघरातून खाली दिवाणखान्यात दिसतं. मधे हिरव्या शिरांच्या चिपोलिनो संगमरवरानं मढवलेले भाग आहेत आणि त्यांच्यामधून मोकळ्या जागा. मिलाडाच्या खोलीला आतल्या बाजूनं खिडकी आहे, तीही दिवाणखान्यावर उघडते. नाटकगृहातला बॉक्स, म्हणजे वर बाजूला असलेली छोटी खासगी बैठक, आठवा. जागा एवढीशी, पण समोर मोठा अवकाश असल्यानं कोंडल्यासारखं होत नाही. या बुटक्या खोल्या सुसह्य होतात त्या अशा.

हे सेक्शनवर मोजून दाखवा. उभ्या माणसाचे डोळे १.५ मीटरवर धरा, बसलेल्याचे १.२ वर. आपल्या नमुन्यात दिवाणखान्यात उभ्या माणसाची नजर जेवणघराच्या जमिनीपेक्षा जेमतेम दहा सेंटिमीटर वर येते, त्याला खुर्च्यांचे पाय दिसतात. जेवायला बसलेल्याची नजर मात्र दिवाणखान्याच्या जमिनीपासून २.६ मीटरवर असते, त्याला सगळी खोली दिसते. म्हणजे पाहणं दोन्हीकडून सारखं नाही. कोण कोणाला पाहतो आणि कोणाला कळत नाही की आपल्याकडे पाहिलं जातंय, हे बाणांनी दाखवा. एका टोकाचा आणि दोन टोकांचा बाण वेगळा काढा. माझ्या मते पूर्ण शीटवर सगळ्यात मोलाचं ड्रॉइंग हेच असतं.

७. खांब, मग अस्तर

बाहेरच्या भिंती आणि आतले मोजके खांब भार घेतात, म्हणूनच आतल्या जमिनी हव्या तिथे वर-खाली करता आल्या. खांब आधीच्या ठोकळ्यांच्या फटींत सापडतील. प्रत्येक खांब खालपासून वरपर्यंत सलग जातो का ते तपासा. मधल्या एका खोलीत गायब झालेला खांब ही फार जुनी चूक आहे.

अस्तर म्हणजे आतून मढवलेला पृष्ठभाग. दिवाणखान्यात चिपोलिनो, जेवणघराच्या छताला आणि अभ्यासिकेत महोगनी, मिलाडाच्या खोलीत फिकट पिवळसर लाकूड. मॉडेलमध्ये प्रत्येकाला एक सपाट रंग द्या, पोत छापून चिकटवू नका. कुठे एक पदार्थ संपतो आणि दुसरा लागतो तेवढं कळलं की झालं.

८. बाहेरची भिंत सर्वांत शेवटी

बाहेरून घर पांढरं, साधं खोकं आहे, खिडक्यांच्या चौकटी पिवळ्या. मुलं इथून सुरुवात करतात, कारण फोटो सोपे मिळतात. खिडक्या बाहेरून बसवल्या की आतल्या सिलच्या, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्या, उंचीचा मेळ बसत नाही. प्रत्येक खिडकीची सिल तिच्या खोलीच्या जमिनीपासून मोजा आणि मग बाहेरची भिंत कापा. वरच्या गच्चीवरच्या भिंतीतली चौकट विसरू नका. तिच्यातून प्रागचं कॅथेड्रल दिसतं.

स्वतःच्या घरात वापरणार असाल तर

हा अभ्यास झाला की हात शिवशिवतात आणि पुढच्याच प्रोजेक्टमध्ये पातळ्या येऊ लागतात. तीन गोष्टी आधी पाहा.

नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर. म्हणजे लोससारखं बुटकं होऊन जागा वाचवता येत नाही, उंच खोली आणखी उंच करावी लागते, आणि तो खर्च मालकाला आधी सांगायला हवा. स्थानिक नियमावली वेगळी वाचा.

घरच्या जिन्याला कोड १९ सेंटिमीटरपर्यंत पायरी चालवून घेतो. पण दर खोलीला पायऱ्या असतील तर तिथवर जाऊ नका. आणि एकटी पायरी कुठेच नको. एकच पायरी दिसत नाही, माणूस पडतो. किमान दोन-तीन असू द्या.

घरात वयस्कर कोणी असेल, किंवा पुढे होणार असेल, तर झोपायची खोली, संडास-बाथरूम आणि जेवायची जागा एकाच लेव्हलला ठेवा. बाकीच्या खोल्यांत हवा तेवढा खेळ करा. हे मी मालक विचारो न विचारो, पहिल्याच भेटीत सांगतो.

जमा करण्याआधी

छत चिकटवू नका. वरचे थर उचलता येतील असे सुटे ठेवा आणि मागची एक भिंत सरकती करा. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर धरा, दुसऱ्या मोबाइलचा कॅमेरा जेवणघराच्या टेबलाच्या उंचीवर ठेवा आणि फोटो काढा. उजेड दिवाणखान्यातून मोकळ्या जागांमधून वर यायला हवा आणि फोटोत दिवाणखान्याची जमीन खाली दिसायला हवी. ती समोर, एकाच पातळीला दिसत असेल तर तक्त्याकडे परत जा आणि पायऱ्या पुन्हा मोजा.